डोळ्यांना न दिसणारे गाव

१. घागर आणि तुरटी

पावसाळा लागला की नदीला लाल पाणी येते. ते घागरीत भरून आणले, तर घागरीचा तळ दिसत नाही. मग घरातली म्हातारी काय करते? ती तुरटीचा खडा घेते. पाण्यात चार-सहा वेळा फिरवते. घागर झाकून ठेवते. तासा-दोन तासांनी पाहावे, तर गाळ खाली बसलेला. वरचे पाणी निवळलेले.

तुरटीने काय केले? तिने गाळ खाल्ला नाही की कुठे पळवला नाही. मातीचे कण फार बारीक असतात. सुटे असतात तोवर ते पाण्यात तरंगत राहतात. तुरटीने त्यांचे पुंजके केले. पुंजका जड झाला. जड झाला म्हणून खाली बसला.

एवढी एक गोष्ट मनात पक्की धरा. सुटा कण तरंगतो. एकत्र आलेले कण खाली बसतात. पुढचा सारा धडा या एका गोष्टीवर उभा आहे.

आणि हेही ध्यानात ठेवा. तुरटीने गाळ बसतो, पण रोगाचे सगळे जंतू मरत नाहीत. निवळलेले पाणीसुद्धा उकळूनच प्यावे.

२. घाण खाणारे जीव

आता शहराकडे चला. शहरात लाखो माणसे राहतात. रोज सकाळी लाखो घरांतून सांडपाणी निघते. त्यात मैला असतो, लघवी असते. खरकटे, साबण, तेल, तूप सारे असते. हे पाणी तसेच नदीत सोडले, तर काय होईल?

नदी नासेल. मासे मरतील. खालच्या अंगाची गावे आजारी पडतील.

तुम्ही म्हणाल, "मग टाका की तुरटी." पण तुरटीने हे काम पुरे होत नाही. पाण्यात मीठ विरघळते, तशी बरीच घाण पाण्यात विरघळून गेलेली असते. ती नुसती खाली बसत नाही. ती कुणीतरी खाऊन टाकावी लागते.

ती कोण खातो? जंतू खातात.

जंतू म्हटले की आपण दचकतो. पटकीचे जंतू, विषमज्वराचे जंतू आपल्याला ठाऊक असतात. ते वाईट खरेच. पण सगळे जंतू वाईट नसतात. दुधाचे दही कोण करतो? जंतू करतात. उकिरड्यावर आपण वर्षभर शेण टाकतो, पालापाचोळा टाकतो. उन्हाळ्यात उकिरडा उपसला, तर आत काळेभोर खत निघते. ते कोण करतो? तेही जंतूच करतात.

हे जीव किती लहान असतात? ज्वारीचा एक दाणा घ्या. त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जंतू ओळीने उभे केले, तर दोन-तीन हजार सहज मावतील. म्हणून ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शक यंत्रातून दिसतात.

घाण खाणाऱ्या यांतल्या पुष्कळ जंतूंना प्राणवायू लागतो. आपल्याला लागतो तसाच. पाण्यात थोडा प्राणवायू विरघळलेला असतो. मासे त्याच्यावरच जगतात. नदीत फार घाण आली की जंतूंना मेजवानी होते. ते भराभर वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. मग माशांना श्वास घेता येत नाही. मासे पांढरे होऊन वर येतात.

म्हणजे जंतूंचे जेवण नदीत होऊन चालणार नाही. ते आधीच, वेगळ्या हौदात, भरपूर हवा देऊन उरकून घेतले पाहिजे.

३. मँचेस्टरची बाटली

हे करून दाखवले ते इंग्लंडातल्या मँचेस्टर शहरात. मँचेस्टरच्या गिरण्यांचे कापड एके काळी आपल्याकडच्या बाजारात यायचे. त्या शहरात गिरण्या फार, माणसे फार आणि घाण पाणीही फार होते.

तिथे गिल्बर्ट फाउलर नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९१२ साली अमेरिकेत मैलापाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग पाहिले. परत येऊन त्यांनी ही कल्पना सांगितली. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी ती हाती घेतली.

त्यांनी मैलापाणी बाटलीत भरले. त्यात हवा सोडत राहिले. पाणी पुरते शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. पाच आठवडे! शहराला हे कसे परवडेल?

मग त्यांनी एक साधीच गोष्ट केली. बाटलीच्या तळाशी तपकिरी गाळ बसला होता. त्यांनी वरचे स्वच्छ पाणी ओतून दिले आणि गाळ तसाच ठेवला. त्याच गाळावर नवे मैलापाणी ओतले. पुन्हा हवा सोडली. या खेपेला वेळ कमी लागला. पुन्हा गाळ राखला, पुन्हा पाणी ओतले. गाळ वाढत गेला, तसा वेळ घटत गेला. शेवटी एका दिवसात काम होऊ लागले.

आपल्या बायाबापड्यांना यात नवल वाटणार नाही. दही संपताना त्या चमचाभर विरजण राखून ठेवतात. ते विरजण नव्या दुधाला लावतात. आर्डर्न आणि लॉकेट यांनी घाण पाण्याचे विरजण राखले! त्या गाळात घाण खाणारे कोट्यवधी जंतू होते.

हे संशोधन त्यांनी १९१४ साली लोकांपुढे मांडले. आज जगभर मोठमोठ्या शहरांत याच रीतीने पाणी शुद्ध करतात. फाउलर पुढे १९१६ साली आपल्या देशात आले आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले.

४. गाव कसे बसते

आता त्या गाळाचा एक पुंजका सूक्ष्मदर्शकाखाली धरू. काय दिसते?

एक गावच दिसते!

त्यात नाना जातींचे जंतू एकमेकांना चिकटून राहतात. कुणी खरकटे खातो. कुणी तेल, तूप खातो. गोठ्यात लघवीचा उग्र वास येतो ना, त्या वासाच्या द्रव्याला अमोनिया म्हणतात. काही जंतू फक्त तेच घेऊन त्याचे दुसरे द्रव्य करतात. काही जंतू लांब दोऱ्यासारखे असतात. घराला जसे वासे, तसे ते पुंजक्याला आधार देतात. जंतूंहून मोठे असे काही बारीक जीवही असतात. ते सुटे फिरणारे जंतू खातात, म्हणून पाणी आणखी स्वच्छ होते.

हे सारे एकमेकांना धरून कसे राहतात? जंतूंच्या अंगातून एक चिकट पदार्थ निघतो. तो झाला गावच्या भिंतीचा गारा. पण नुसत्या गाऱ्याने भिंत पक्की होत नाही. सांध्याला चुना लागतो. चुन्यात कॅल्शियम नावाचे द्रव्य असते. पाण्यातही ते थोडेफार विरघळलेले असते. ते या चिकट पदार्थाचे धागे एकमेकांना सांधून धरते. म्हणून भिंत टिकते आणि पुंजका घट्ट राहतो.

पुंजका घट्ट, म्हणून जड. जड, म्हणून तो खाली बसतो. घागरीतला गाळ आठवला ना? इथे तुरटीचे काम जंतूंचे गाव स्वतःच करते. हवेच्या हौदात जंतू जेवतात. मग पाणी दुसऱ्या, शांत हौदात जाते. तिथे गाव तळाशी बसते. वरचे स्वच्छ पाणी पुढे जाते. तळातला गाळ विरजण म्हणून परत पहिल्या हौदात आणतात.

५. एके दिवशी पाणी गढूळ होते

असे महिनोन् महिने चालते. आणि एके दिवशी काहीतरी बिघडते.

शांत हौदात गाव खाली बसत नाही. पाणी गढूळ दिसते. पुंजके फुटलेले असतात. सुटे जंतू आणि त्यांच्याबरोबर घाण वरच्या पाण्यातून वाहत नदीकडे निघते. हौदावरचा माणूस घाबरतो. हवा तर चालू आहे. यंत्रेही चालू आहेत. मग झाले काय?

पुष्कळदा असे होते, की वरच्या एखाद्या कारखान्यातून विषारी पाणी एकदम गटारात सुटलेले असते. रात्रीतून ते हौदात पोचते. सकाळी ते पुढे निघूनही गेलेले असते. मागे राहतो तो फुटलेला गाळ.

विष आले की गाळ फुटतो, हे हौदावरच्या लोकांना अनुभवाने ठाऊक होते. पण तो फुटतो कसा? जंतू मरतात म्हणून फुटतो, की आणखी काही होते? कारण कळल्याशिवाय उपाय कसा सापडणार?

या कोड्यामागे एक प्राध्यापिका लागल्या. त्यांचे नाव नॅन्सी लव्ह. आपण त्यांना लव्हबाई म्हणू. अमेरिकेत व्हर्जिनिया नावाचे राज्य आहे. तिथल्या ब्लॅक्सबर्ग गावी मोठे तंत्रविद्यापीठ आहे. तिथे लव्हबाई पाणी आणि सांडपाणी शुद्ध करण्याची विद्या शिकवीत होत्या. पुढे त्या मिशिगन राज्यातल्या विद्यापीठात गेल्या. संकटात सापडलेले जंतू कसे वागतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. चार्ल्स बॉट हे त्यांचे विद्यार्थी. गुरू आणि शिष्य, दोघे मिळून कामाला लागले.

६. दोन भांडी

शास्त्रज्ञ काम कसे करतात, ते नीट पाहा. नुसता तर्क करून ते थांबत नाहीत. ते ताडून पाहतात.

तुम्हाला नवे खत कसे आहे ते पाहायचे असेल, तर काय कराल? अर्ध्या वाफ्याला खत घालाल. अर्धा वाफा तसाच ठेवाल. पाणी दोन्हींना सारखेच द्याल. मगच म्हणता येईल, की फरक पडला तो खताने.

लव्हबाईंचे कामही याच रीतीचे. एकाच हौदातला गाळ भांड्यांत घ्यायचा. एका भांड्यात विषारी द्रव्य घालायचे. दुसऱ्यात नाही. बाकी सारे सारखे. मग दोन्ही भांड्यांतले पाणी तपासायचे.

तपासात एक गोष्ट दिसून आली. काही विषे घातली, की पाण्यात पोटॅशियम वाढत होते. पोटॅशियम म्हणजे कोण? तो आपल्या ओळखीचाच आहे. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद आणि पालाश असे तीन शब्द असतात. त्यातल्या पालाशात जे मूळ द्रव्य असते, तेच पोटॅशियम. आपण त्याला पालाशच म्हणू.

हा पालाश आला कुठून? बाहेरून कुणी घातला नव्हता. तो जंतूंच्या पोटातून बाहेर आला होता. आणि पालाश बाहेर आला, तिथे गाळही फुटत होता. पाणी गढूळ होत होते.

कोड्याचे टोक हाती लागले.

७. जीव वाचला, गाव मोडले

जंतू पालाश बाहेर का टाकतो? तो वेडा आहे म्हणून नव्हे. तो जीव वाचवतो.

प्रत्येक जंतूच्या पोटात पालाश भरपूर साठवलेला असतो. जंतूच्या अंगाला बारीक दारे असतात. एरवी ही दारे बंद असतात. काही जंतूंच्या पोटात ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य असते. ते जणू घरचा राखणदार. विष आत शिरले, की हा राखणदार त्याला घट्ट मिठी मारतो. राखणदार आणि विष यांची ती जोडी दाराला लागली, की दार उघडते. पालाश भराभर बाहेर जातो. त्याच्या जागी दुसरी द्रव्ये आत येतात आणि जंतूचे पोट किंचित आंबट होते.

या आंबटपणातच बचाव असतो. पोट आंबट झाले, की विषाचा जोर कमी पडतो. जंतूला सावरायला वेळ मिळतो. जंतूंची ही युक्ती फार जुनी. माणसाने कारखाने काढले, त्याच्या कितीतरी आधीची.

पण बाहेर काय झाले? एकाने नव्हे, कोट्यवधी जंतूंनी एकाच वेळी पालाश बाहेर टाकला. पुंजक्याच्या सांध्यासांध्यांत पालाश भरला. सांध्यात कॅल्शियम बसलेले होते, ते आठवा. पालाशाने त्याला जागेवरून हटवले. पालाशाला कॅल्शियमसारखे दोन धागे एकत्र धरता येत नाहीत. सांधे ढिले झाले. भिंत ढासळली. गाव फुटले.

जंतूंनी आपापला जीव वाचवला. त्यात गाव मोडले.

आपल्या वाडवडिलांनी असेच एक दुःख पाहिले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे खेडोपाडी पसरला. गावात उंदीर पडू लागले, की लोक घरे सोडून रानात जात आणि झोपड्यांत राहत. ज्याने गाव सोडले त्याचे चुकले, असे कोण म्हणेल? जीव वाचवायलाच हवा. पण गाव ओस पडे. चूल थंड होई. दोष पळणाऱ्याचा नसतो. दोष संकटाचा असतो.

लव्हबाई आणि बॉट यांनी आपले निष्कर्ष २००२ आणि २००४ साली शास्त्राच्या मासिकांत छापले. ते वाचून लोकांना कळले, की गाळ फुटला म्हणजे जंतू मेलेच असे नाही. अनेकदा तो जंतूंच्या स्वतःच्या बचावाचा परिणाम असतो.

मात्र एक सावधगिरी ठेवा. गाळ बिघडण्याचे हे एकच कारण नाही. सगळी विषेही सारखी नसतात. एक विष दार उघडायला लावते. दुसरे श्वास कोंडते. तिसरे ठारच करते. शास्त्रज्ञ जेवढे ताडून पाहतो, तेवढेच छातीठोक सांगतो.

८. कळून उपयोग काय?

तुम्ही म्हणाल, "पालाश बाहेर आला काय अन् आत राहिला काय, आम्हाला त्याचं काय?"

उपयोग आहे. पाणी गढूळ झालेले डोळ्यांना दिसते, तोवर उशीर झालेला असतो. पण हौदाच्या पाण्यात पालाश एकाएकी वाढला, हे यंत्राने मोजता येते. तो इशारा समजता येईल. इशारा मिळाला, तर विषारी पाणी वेगळ्या हौदात वळवता येईल. गाव वाचेल आणि नदीही वाचेल.

दुसरा धडा असा, की जंतूंच्या गावाला सर्वांत वाईट तो अचानक बसलेला धक्का.

बैलाला नवा चारा एकदम पोटभर घातला, तर त्याचे पोट फुगते. तोच चारा रोज थोडा थोडा वाढवला, तर त्याला मानवतो. जंतूंचेही काही बाबतीत तसेच आहे. दगडी कोळशापासून कोक करणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यात फिनॉल नावाचे विषारी द्रव्य असते. ते एकदम आले, तर जंतू हैराण होतात. थोडे थोडे येत गेले, तर ते खाणारे जंतू गावात वाढतात आणि फिनॉल खाऊन टाकतात!

पण सगळी विषे अशी पचत नाहीत. शिसे, कॅडमियम असले धातू जंतूंना खाऊन संपवता येत नाहीत. ते गाळात तसेच राहतात. तो गाळ शेतात घातला, तर धातू जमिनीत जातात. म्हणून असे विष कारखान्यातच, पाणी बाहेर पडण्याआधी, वेगळे काढले पाहिजे. बाकीचे पाणीही आधी मोठ्या हौदात साठवून, एकसारखे करून, बेताबेताने सोडले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. मोडलेले गाव पुन्हा बसायला वेळ लागतो. काही जंतू सोयीची परिस्थिती असली, तर अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. पण अमोनियावर जगणारे जंतू फार हळू वाढतात. एकाचे दोन व्हायला त्यांना एक दिवस किंवा त्याहून अधिक लागतो. विषाचा मारही बहुधा त्यांनाच आधी बसतो. एका रात्रीचे पाप निस्तरायला कधी कधी आठवडे जातात. तेवढे दिवस अर्धेमुर्धे शुद्ध झालेले पाणी नदीत जाते. नदीच्या खालच्या काठी कुणीतरी घागर भरत असते.

९. आपल्या दारातले गाव

हे सारे शहरातले झाले. पण असेच गाव तुमच्या दारातही असेल.

गोबर गॅसची टाकी ही अशीच जंतूंची वस्ती. फरक एवढाच, की तिथले जंतू हवेवाचून जगतात. त्यांच्यात दोन मुख्य टोळ्या असतात. पहिली टोळी शेण कुजवून आंबट द्रव्ये करते. दुसरी टोळी ती आंबट द्रव्ये खाऊन जळणारा गॅस करते. पहिली चपळ आहे. दुसरी हळू आणि नाजूक आहे. दोघींचा मेळ राहिला, तर चूल पेटते.

टाकीत एकाएकी फार शेण किंवा खरकटे ओतले, तर पहिली टोळी भराभर आंबट द्रव्ये करते. दुसरीला ती आवरत नाहीत. टाकी आंबते. गॅस बंद होतो. अशा वेळी आणखी शेण घालू नये. काही दिवस घालणे थांबवावे. मग थोडे थोडे सुरू करावे. थंडीत जंतू मंदावतात, म्हणून गॅस कमी येतो. तेव्हाही घाईने जास्त शेण घालू नये.

संडासाच्या टाकीतही असेच जंतू काम करतात. म्हणून पुढील गोष्टी पाळा.

संडास धुताना ॲसिडच्या किंवा फिनाइलच्या बाटल्या रिकाम्या करू नका. ब्रशने घासा. साबण बेतानेच वापरा.

गोठा फिनाइलने धुतला, तर ते पाणी गॅसच्या टाकीत जाऊ देऊ नका.

आजारी जनावराला जंतुनाशक औषध चालू असेल, तर त्याचे शेण तेवढे दिवस गॅसच्या टाकीत न घातलेले बरे.

पिकावर औषध मारून झाले, की फवारणीचा पंप ओढ्यात, विहिरीवर किंवा नदीत धुऊ नका. ओढ्यातही घाण खाणारे जंतू असतात. मासे असतात. आणि त्याच ओढ्यावर पुढे कुणाची तरी गुरे पाणी पितात.

आणि एक जिवाची गोष्ट. गॅसच्या किंवा संडासाच्या टाकीत कधीही उतरू नका. तिथे कोंडलेल्या विषारी वायूने क्षणात माणूस पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. कुणी कितीही आग्रह केला, तरी उतरू नका. दुसऱ्याला उतरवूही नका.

या विद्येचा अभ्यास आपल्याकडेही होतो. पाणी, सांडपाणी आणि आरोग्य यांच्या संशोधनासाठी नागपूरला १९५८ साली एक राष्ट्रीय संस्था सुरू झाली. १९७४ पासून तिला 'नीरी' म्हणतात.

१०. शेवटची गोष्ट

नळाचे पाणी सांडले, की ते गटारात गेले असे आपण म्हणतो आणि विसरून जातो. पण पाणी संपत नाही. ते पुढे जाते. वाटेत कुठेतरी हे न दिसणारे गाव आपली घाण खात असते. त्याला पगार नाही, सुट्टी नाही. त्याचे मागणे थोडे आहे. त्याला हवा मिळाली पाहिजे, बेताचे अन्न मिळाले पाहिजे. आणि त्याच्या अंगावर एकदम विष येता कामा नये.

आपण वरच्या अंगाला राहतो, असे प्रत्येकाला वाटते. पण नदीवर प्रत्येक गाव कुणाच्या तरी खालच्या अंगाला असते. हातातली बाटली ओतण्यापूर्वी एवढे मनात आणा.

अभ्यास

विचार करून उत्तरे सांगा.

१. तुरटी फिरवल्यावर गाळ खाली का बसतो?

२. मँचेस्टरच्या प्रयोगात गाळ राखून ठेवला. आपल्या घरात आपण असे काय राखून ठेवतो?

३. विष आल्यावर जंतू पालाश बाहेर का टाकतो? त्याने पुंजका का फुटतो?

४. लव्हबाईंच्या प्रयोगात एका भांड्यात विष का घालायचे नाही?

५. तुमच्या गावातले सांडपाणी कुठे जाते? एक दिवस त्याच्या वाटेने चालत जा. ते कुठे मिळते ते पाहा आणि वर्गात चार ओळी लिहून आणा.